सहा नंबरचा दिवा

रविवार, २० एप्रिल

माझा आवाज कोणीतरी खातंय!

आज गावकीची बैठक होती. विषय एकच — पाण्याची टाकी कुठे बांधायची. खाली देवळाजवळ बांधली तर खालच्या वाडीचं भागेल, आमच्या वरच्या वाडीला पाणी चढणार नाही. वर बांधली तर दोन्ही वाड्यांचं भागेल, उतारावर पाणी आपलं आपण जातं. शेंबड्या पोरालाही कळेल! पण टाकी बांधून देणार आमच्याच मुंबईकर गाववाल्यांचं मंडळ, त्यामुळे शेवटचा शब्द त्यांचा. ते तिकडे मंडळाच्या खोलीत बसून फोनवर ऐकतात. त्यांना नीट ऐकू जावं म्हणून यंदा टेबलावर आठ माइक लावलेत, प्रत्येकापुढे एक.

मी चांगली पंधरा मिनिटं बोलले. गेल्या मे महिन्यात सासूबाई झऱ्याच्या वाटेवर हंड्यासकट पडल्या, खुब्याचं हाड मोडलं, तेही सांगितलं. संध्याकाळी दीपकचा फोन. (वहीत नवऱ्याचं नाव घ्यायला कोण अडवतंय!) तो मंडळात आहे. म्हणाला, "तुझं निम्मं कळलंच नाय गो. वाक्य सुरू झालं की पहिले शब्द बुडायचे. मधेच कायतरी पुटपुट."

"आणि किशोरभाऊंचं?"

"त्यांचं एकदम क्लिअर."

किशोर खालच्या वाडीचा. गावकीचा अध्यक्ष. आणि माइक लावणारा प्रितम त्याचा सख्खा भाचा. आता बोला!

सोमवार, २१ एप्रिल

पोलादपूरला माझं शिवणाचं दुकान उघडण्याआधी प्रितमला स्टँडवर गाठलं.

"काकी, मी हात पण लावत नाय. मिक्सर ऑटोमॅटिक हाय. जो बोलंल त्याचा माइक तो आपणच मोठा करतो, बाकीचे बारीक करतो. आठपण उघडे राहिले तर पंख्याचा न् खुर्च्यांचा आवाजच मुंबईला जाईल."

आपणच म्हणे! मी वीस वर्षं ब्लाउज शिवतेय. माझी मशीन पाय मारल्याशिवाय एक टाका घालत नाही. याच्या मिक्सरला मात्र बरोबर कळतं, मामाचं मोठं करायचं आणि माझं बारीक.

मिक्सरवर प्रत्येक माइकचा एक हिरवा दिवा असतो. ज्याचा माइक उघडा, त्याचा दिवा लागतो. हे बरं कळलं.

बुधवार, २३ एप्रिल

प्रितम मला बघून रस्त्याच्या पलीकडे गेला. चोराच्या मनात चांदणं.

रविवार, २७ एप्रिल

आज पूर्ण तयारीनिशी गेले. नेहमीची तीन नंबरची खुर्ची सोडली, एक नंबरवर बसले. मिक्सरचं तोंड माझ्याकडे करून घेतलं. प्रितमला सांगितलं, दोन्ही हात टेबलावर ठेव. ठेवले बिचाऱ्याने.

बोलायला लागले. माझा दिवा लागला. वाक्य संपलं — सहा नंबरचा लागला, माझा गेला. पुढचं वाक्य सुरू केलं, तर दोन-चार शब्द होईपर्यंत माझा दिवा नाहीच! परत वाक्य संपलं, परत सहा. शेवटपर्यंत हाच खेळ. मग किशोर बोलला, तेव्हा सहा नंबर गार. बाकीचे बोलले, तेव्हाही गार. फक्त माझ्याच वेळेला!

सहा नंबरवर कोण? हैबतीआबा. आमच्याच वाडीचे. माझे चुलतसासरे! किशोरच्या शेजारची खुर्ची. मी बोलत होते तेव्हा माइक तोंडाजवळ ओढलेला आणि ओठ हलत होते. माझ्या डोळ्यांनी बघितलं.

म्हणजे प्रितमवर मी उगाच संशय घेतला. पण भाचाच तो. त्याला अगदीच सोडायला नको.

मंगळवार, २९ एप्रिल

महाडला गेले. अस्तराचं कापड आणायचं होतंच. हे माइक जिथून घेतले त्या दुकानात शिरले आणि सरळ विचारलं, "एखाद्याला दुसऱ्याचा आवाज दाबायचा असेल तर?"

दुकानदार हसला. "काही अवघड नाही ताई. समोरचा बोलत असताना आपणही आपल्या माइकमध्ये काहीतरी बोलत राहायचं. मशीनला कोणीतरी बोलतंय एवढंच कळतं. काय बोलतंय ते कळत नाही."

झालं! आणखी काय पुरावा पाहिजे?

गुरुवार, १ मे

सासूबाईंनी भाकरी थापता थापता सांगितलं, "हैबती भावजी परवा किशोरकडं गेले होते. लई येळ बसले होते म्हनं."

कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, तो असा. मामंजी गेले त्या वर्षी आमची लावणी आबांनी उभं राहून करून घेतली. दीपक मुंबईला, माझ्या कडेवर तान्ही लेक, सेजल. मी या माणसाला बापाच्या जागी मानलं! आज दिवसभर कात्री वाकडी चालली. एक बाही फुकट गेली.

सासूबाई म्हणतात, "अगो, इचार की त्यांनाच." विचारू कशी? त्यांच्यासमोर मी अजून डोक्यावर पदर घेते, त्यांच्याशी मान वर करून बोलत नाही. आणि चोराला विचारून कधी चोरी कळते का?

रविवार, ४ मे

बोलले. तोंडावर नाही, माइकमध्ये. मुंबईला ऐकू जाईल असं.

"आधी सहा नंबरचा माइक बंद करा. आबा खालच्या वाडीला फितूर झालेत. मी बोलले की ते मुद्दाम मधे पुटपुटतात."

आबांनी माझ्याकडे पाहिलं. मग माइक हळूच बाजूला सारला, टोपी डोक्यावर घातली आणि निघून गेले. मला वाटलं, थांबणार कशाला? पकडले गेले ना!

तेवढ्यात फोनवर मंडळाचे अध्यक्ष. "वहिनी, वरच्या वाडीत जाणता मानूस एकच, हैबतीआबा. तेच विरोधात असतील तर आमी वर टाकी कशी बांधायची? उद्या भांडणं लागतील. देवळाजवळच बांधू."

ठराव झाला. सह्या झाल्या. दीपक रात्री म्हणाला, "आज तुझं सगळं ऐकू आलं गो. एक अक्षर नाय बुडलं."

सोमवार, ५ मे

प्रितम दुकानात आला. दारातच उभा राहिला. "काकी, मिक्सरमधे हरेक माइकचं रेकॉर्डिंग येगळं ऱ्हातं. सहा नंबरचं पायजे का?"

पाहिजे म्हणजे! मंडळाला पाठवते. आबा किशोरशी काय काय कुजबुजत होते ते ऐकू दे सगळ्यांना. ठराव फिरतो की नाही बघू.

मंगळवार, ६ मे

सत्तावीस तारखेचं सगळं ऐकलं. दोनदा. किशोरशी एक अक्षर नाही. दुसरं कोणी बोलतंय तेव्हा नुसता श्वास. मी बोलतेय तेव्हा दर वाक्याला, दात नसलेल्या तोंडाने — "हां... हां. बरोबर. बोल गो, बोल."

सासूबाईंना ऐकवलं. त्या खाटेवर बसल्या. "अगो, सुनंच्या बोलन्याला घरच्या म्हाताऱ्यानं हूं द्यायचा असतो. तवा गावकी मानते. तुजा सासरा नाय, म्हनून ते देत होते. किशोरकडं पण टाकीचंच सांगाया गेले असतील."

दोन वेळा आबांच्या दारावरून परत आले. हाक मारायला तोंड नाही.