झाकण उघडू नये म्हणून

विलिस्टन, नॉर्थ डाकोटा
रविवार दुपार

प्रिय आईस,
वेंडेलचा नमस्कार. तुझी खूप आठवण येते.

मी बरा आहे. तेलविहिरीवर बारा-बारा तासांच्या पाळ्या चालू आहेत, म्हणून आठवड्याचं जेवण आजच शिजवून डब्यांत भरतोय. दुकानातलं सगळ्यात स्वस्त आणि चिवट खांद्याचं बीफ आणलंय. तू दिलेल्या विजेच्या भांड्यात ते सकाळपासून मंद शिजतंय. डॉक्टरांनी साखरेपायी बटाटा आणि मक्याचा पाव बंद केलाय, म्हणून बटाट्याच्या जागी मुळे टाकलेत. हसू नकोस, रश्शात शिजले की खपून जातात.

तू रविवारी भांडं लावून आम्हा सगळ्यांना चर्चला न्यायचीस. घरी राहून कुणी झाकण उघडू नये म्हणून नेत होतीस, हे मला आत्ता कळतंय. आज मी पाच वेळा उघडलं. माझ्या खोलीतला रस्टी वैतागला, "अरे बाबा, सगळी वाफ घालवलीस! आज जेवायचंय की उद्या?" आता घरचा वास येतो म्हणून उघडतो, हे त्याला कसं सांगू?

तुझे गुडघे कसे आहेत? एकटीसाठी नीट रांधतेस ना, की टोस्टवर भागवतेस?

माझी साखर उतरतेय, डॉक्टर खूश आहेत. डबे भरले की आडवा होतो. फार दमलोय गं.

तुझाच,
वेंडेल

ता. क. साखरेनं पायाचा अंगठा गेल्यावर बाबा जे सैल लोकरी मोजे घालायचे, ते टाकून दिले नसशील तर पाठव. थंडीसाठीच हवेत.