मैदानावरचं मतदान

मास्टर, गेल्या रविवारी आपल्या मैदानावर निवडणूक झाली आणि मी पडले. तरी परत येताना मांबलम स्टेशनच्या पुलावर मला हसू आवरत नव्हतं. लोक वळून बघत होते.

तुमच्याकडे आले तेव्हा मी अकरा वर्षांची होते. बाबा रेल्वेत, त्यांची इकडे तमिळ मुलखात बदली झालेली, मला तमिळ धड येत नव्हतं. शाळेमागच्या मैदानावर तुम्ही काठीची जुनी कला, सिलंबम, शिकवता आणि मुलींनाही घेता, एवढंच आईला कळलं होतं. एक दिवस अजून डोळ्यांसमोर आहे: माझ्याहून मोठ्या मुलाच्या हातून काठी निसटते, आणि मी जिंकल्याच्या धुंदीत त्याच्या खांद्यावर आणखी एक फटका हाणते. तुम्ही ओरडत नाही. माझी काठी काढून घेता आणि म्हणता, "तो लढत होता तोवर खेळ होता. त्यानंतर मारलंस, ती नुसती सत्ता." तेव्हा काही उमजलं नाही. पंधरा दिवस मी रिकाम्या हातांनी नुसती पावलं टाकत होते.

पुढे तुम्ही थकलात, आणि एका सकाळी सगळ्यांसमोर मला म्हणालात, "उद्यापासून तू शिकव." तुम्ही गेल्यावरही मी शिकवत राहिले. बावीस वर्षं. मागच्या महिन्यात आमच्यातली सगळ्यात तयार मुलगी, कोपऱ्यावर फुलं विकणाऱ्या बाईंची लेक, सरळ विचारते, "अक्का, तुम्हाला मास्टर कोणी केलं?"

"मास्टरांनी."

"आम्हाला कुठे कोणी विचारलं?"

राग आला मला. दोन दिवस धुमसत होते. मग तुमची ती 'नुसती सत्ता' आठवली आणि मीच म्हटलं, चिठ्ठ्या टाकू. ती आणि मी उभ्या राहिलो. आठ वर्षांच्या पोरीपासून बँकेतून निवृत्त झालेल्या आजोबांपर्यंत प्रत्येकाला एक मत. ती निवडून आली.

दुसऱ्या सकाळी मी रांगेत उभी राहिले. ती माझ्यासमोर येऊन घुटमळली. "अक्का, मागचा पाय उचलला जातोय." मी पाय घट्ट टेकवला, काठी फिरवली, आणि ती अशी सणसणत गेली की आजोबांनी टाळ्याच वाजवल्या, मग सगळ्यांनी. बावीस वर्षांत ही चूक मला कोणी दाखवली नव्हती, मास्टर. दाखवणार कोण? तुम्ही मैदान माझ्या हाती दिलंत; आता ते सगळ्यांचं झालंय, आणि माझा फटका पूर्वी कधी नव्हता इतका चांगला बसतोय.

तुम्हाला मराठी येत नव्हतं, म्हणूनच हे मराठीत लिहितेय. एक गोष्ट तमिळमध्ये मला सांगवली नसती. त्या दिवशी मी माझं मत मलाच दिलं.