खातं पुसण्याआधी

पुणे,
शुक्रवार, ११ जुलै २०२५

प्रिय ऋतुजावहिनी,

नमस्कार. दादा असताना राखीच्या पाकिटावर तुझ्या नावाआधी मी हौसेने 'सौ.' लिहायचे. आज नुसतं नाव लिहिताना हात अडला. असो. तू बरी असशील. आई ठीक आहे, गुडघे सोडून. स्वारगेटचं ट्रॅफिक आहे तसंच आहे, त्याला कुणाची दृष्ट लागत नाही.

माझा नंबर तू ब्लॉक केला आहेस, म्हणून कुरिअर. तुझ्या माहेरचा पत्ता पाठ होता, कंपनीतून चोरलेला नाही.

कंपनीचं नाव निघालंच आहे तर सांगते. वर्गणी भरून गाणं शिकायचं अ‍ॅप आहे आमचं. 'माझी माहिती काढून टाका' असं जे ग्राहक कळवतात, त्यांची माहिती पुसणं हे माझं काम. एरवी मी नावंही वाचत नाही. मागच्या आठवड्यात केयूरदादाचं खातं समोर आलं. अर्ज तुझा.

तू लिहिलं आहेस, 'केयूर सर आहेत का, वर्गणी संपतेय, असे फोन येतात. मी काय सांगू त्यांना?' वहिनी, स्वतःच्याच कंपनीची लाज वाटली. फोन थांबवायला खातंच काढावं लागेल, असं आमच्या विक्रीवाल्याने तुला सांगितलं ना? साफ खोटं. नुसता नंबर त्यांच्या यादीतून काढता येतो. काल भांडून तो काढायला लावला. आता कुणी 'केयूर सर' विचारणार नाही.

म्हणून अर्ज मागे घे. ते नको असेल तर निदान पुसण्याआधी प्रत मागून घे, एका ओळीचा मेल पुरे. प्रत फक्त तुलाच मिळते. मी सख्खी बहीण असले तरी मला नाही. सोमवारी मुदत संपते. विक्रम, आमचा टीम लीड, आज म्हणाला, "तनया, ही एकच रिक्वेस्ट पेंडिंग का? जमत नसेल तर मी क्लोज करतो." एकदा पुसलं की परत आणता येत नाही गं. तुझ्या पाया पडते.

त्या खात्यात दादाचा रेकॉर्ड केलेला रियाज आहे. बेसूर, मान्य. पण आईला तो ऐकायचा आहे.

नाही. आईला यातलं काहीच माहीत नाही. मलाच हवा आहे. घरात त्याचे फोटो ढीगभर आहेत, आवाज कुठेच नाही.

आणि एक रेकॉर्डिंग मी ऐकलं. परवानगी नसताना. हे पत्र कंपनीला दाखवलंस तर माझी नोकरी जाईल, दाखव हवं तर. यमनचा आरोह तो तीनदा चुकतो, मग थांबून विचारतो, "ऋतू, कुकरच्या किती झाल्या गं?" आतून तू ओरडतेस, "तू गा, मी मोजतेय!" मग तो असा हसत सुटतो की पुढे गाणंच नाही.

हाक त्याने तुला मारली आहे, मला नाही. तेराव्याला आई तुला जे बोलली, त्यानंतर तू आमचं तोंडही बघू नयेस हे बरोबरच आहे. आम्हाला ऐकवू नकोस, कधीच नको. पण तुझ्याजवळ तरी ठेव.

सोमवारी संध्याकाळपर्यंत तुझा मेल आला नाही, तर विक्रमला हात लावू देणार नाही. मीच पुसेन. घरचं माणूस असताना दादाला परक्याच्या हातून जाऊ देणार नाही.

तुझीही, त्याचीही,
तनया