वरपासून पुन्हा एकदा

प्रिय सोल्वेग,

फोन तू उचलत नाहीस, म्हणून हे पत्र दाराखालून सरकवते आहे. बहीण म्हणून नको वाटत असेन तर परकी समजून वाच, पण शेवटपर्यंत वाच. ईस्टरच्या जेवणाला मी सगळ्यांसमोर बोलले, "औषध वेळच्या वेळी दिलंस तर पोरीला झटके कशाला येतील?" तू ताट सारून उठलीस. तुझ्या इंग्रिडचे झटके दोन वर्षं थांबले होते आणि मार्चमध्ये परत सुरू झाले. दोष कुणाला तरी द्यायचा होता, मी तुला दिला.

माझं काम काय, ते मी तुला शिष्टपणाने कधी सांगितलं नाही. संगणकावरच्या लांबलचक याद्या बदलताना आम्ही एकेका नावाला हात लावत नाही. एक क्रिया लिहायची, यंत्र ती यादीतल्या प्रत्येकावर करतं, एकालाही न सोडता. फेब्रुवारीत बालरुग्णालयाला मुलांची वजनं पौंडांऐवजी किलोत हवी होती. मी एकच ओळ लिहिली: प्रत्येक वजनाला दोन पूर्णांक दोन दशांशाने भाग. अर्ध्या यादीवर काम बंद पडलं. आमचा साहेब ड्वेन डोक्यावर उभा होता. "अगं, मग चालव की परत! रडतेस काय?" मी चालवलं, थेट वरपासून. शेवटचं नाव तपासलं, बरोबर होतं. आम्ही कॉफी प्यायला गेलो.

वरच्या अर्ध्या मुलांची वजनं दोनदा भागली गेली, हे मला काल कळलं. चाळीस पौंडांचं मूल त्या यादीत आठ किलोचं झालंय, आणि औषध वजनावरून ठरतं. ड्वेन म्हणाला, "सोमवारी वकील येतील, तोवर तोंडाला कुलूप." आज गुरुवार आहे. मला फार भीती वाटते आहे.

यादी आडनावांवरून लावलेली आहे. तुमचं आल्टो वरून तिसरं. तू एकही डोस चुकवला नव्हतास, सोल्वेग. तू रोज घड्याळ लावून देत होतीस ते औषधच निम्म्याहून कमी होतं, आणि ते माझ्या हातून झालं. रुग्णालयात फोन करून मी इंग्रिडच्या डोसबद्दल विचारलं, तर म्हणाले, "मुलीच्या आईशीच बोलू." स्वतःच्या मनाने डोस वाढवू नकोस. आत्ता डॉक्टरांना फोन कर, तिचं खरं वजन सांग. बाकीच्या मुलांची नावं घेऊन मी रुग्णालयातच निघाले आहे, नोकरी गेली तर जाऊ दे. मला माफ नाही केलंस तरी चालेल. फोन मात्र कर.

तुझीच,
मार्ता