रातांबा कोण?

पूनम सागर, मीरा रोड
९ डिसेंबर २००८

चि. मुबीन,

वहिनीचा आशीर्वाद घे आणि आधी मला सांग, तुझा फोन विहिरीत पडलाय का? कधीही लावा, ती बाई आपली 'संपर्क क्षेत्राच्या बाहेर'. बहिणीच्या निकाहला गेलास ते ठीक, पण तुमचं गाव काय चंद्रावर आहे? शेवटी पत्र लिहायला बसले. कित्येक वर्षांत लिहिलेलं नाही, अक्षराला हसू नकोस.

निकाह नीट पार पडला ना? अम्मीचे गुडघे कसे आहेत? मी दिलेलं तेल रोज लावायला सांग, बाटली कपाटात ठेवून गुडघा बरा होत नाही. इकडे ठीक. इशिताची सहामाही संपली. हे ऑफिसच्या कामाने बाहेरगावी गेलेत.

आपल्या डब्यांची खबर. खारीच्या तळ्याजवळचा डबा मी जाऊन बघितला. झाकणाला आतून व्हॅसलीन लावायची तुझी युक्ती लागू पडली, वही कोरडी ठणठणीत! पण कुणीतरी आतली किल्लीची साखळी उचलली आणि बदल्यात काहीच ठेवलं नाही. एक घ्या, एक ठेवा, एवढं साधं पाळता येत नाही लोकांना. आता माझ्याकडून तुला एक युक्ती. तिवरांच्या जवळ जीपीएसचा बाण पिसाळल्यासारखा फिरतो, तेव्हा त्याच्यामागे धावायचं नाही. उघड्यावर येऊन जरा थांबायचं, मग यंत्र खिशात टाकायचं आणि स्वतःला विचारायचं, आपण असतो तर कुठे लपवला असता? शेवटची पावलं डोळ्यांनीच टाकायची असतात.

शेजारच्या सरूबाईंनी परत विचारलं, तुम्ही तिघं उन्हातान्हात नक्की करता काय? म्हटलं, कुणीतरी डबा लपवतो, जागेचे आकडे इंटरनेटवर टाकतो, आपण ते यंत्रात घालून शोधत जायचं आणि आतल्या वहीत सही करून यायचं. त्या म्हणाल्या, मग मिळतं काय? म्हटलं, डबा. नाही हसल्या.

हां, एक काम आहे. उत्तनला आपण ठेवलेला तो दिव्याचा डबा, झाकण उघडलं की आत दिवा लागतो तो, त्याच्या वायरी तू कशा जोडल्यास? चित्र काढून पाठव. मला तसाच एक बनवायचाय. लवकर पाठव. नाहीतर असं कर, चित्राबरोबर तूच ये. जेवायलाच ये.

गिरिजावहिनी

ता. क. पाकीट चिकटवलं होतं, ते पुन्हा फोडलं. हे बाहेरगावी नाहीत रे. कोठडीत आहेत. तो दिव्याचा डबा काढून आणायला गेले आणि धरले गेले. पुढचं नंतर लिहीन. ये.


पूनम सागर, मीरा रोड
१४ डिसेंबर २००८

मुबीन,

आज मायनाबियना नाही. तुझं उत्तर नाही, पहिलं पत्र पोचलं की नाही तेही माहीत नाही, म्हणून सगळं सविस्तर लिहितेय.

मुंबईत ते सगळं झालं. ते लोक समुद्राने आले, त्यांच्याकडे जीपीएस होतं, हे पेपरात छापून आलं. पेपर वाचता वाचता हे उठले. म्हणाले, गिरिजा, आपला डबा आता किनाऱ्यावर राहून चालणार नाही, कुणी उघडला, वायरी बघितल्या तर घाबरून जीव जाईल त्याचा. मी म्हटलं, असू दे हो, तिथे कोण मरायला जातंय. पण शहाणा माणूस ना! शहाणपणा करायला गेले. आणि डोळे मिटून सापडेल असा डबा, तरी यंत्र हातात हवंच.

किनाऱ्यावर गावातली माणसं पहारा देत होती. आपला फ्रँकही होता, ज्याच्या बायकोने, डॉरिसने, तुम्हाला ताक पाजलं होतं तोच. पण त्याला हे पाठमोरे दिसले. दगडांत वाकलेला माणूस, एका हातात यंत्र, दुसऱ्या हातात वायरीवाला डबा. त्याने बोंब मारली. त्याला तरी काय बोलू? मी असते तर मीही मारली असती.

पोलिसांनी डबा फोडला. आतून निघालं काय तर गोट्या, पेन्सिल आणि वही. स्फोटक काही नव्हतं हे त्यांना कळलंय. पण आता म्हणतात, ही बॉम्ब ठेवायची तालीम नव्हती कशावरून? मग मी दीडशहाणी वेबसाइटची पानं छापून घेऊन गेले. म्हटलं, बघा साहेब, खेळ आहे, जगभर खेळतात. साहेब पान वाचता वाचता खुर्चीत ताठ बसले. "किनाऱ्यावरच्या जागेचे आकडे तुम्ही सगळ्या जगाला दिलेत?" त्याखाली डबा शोधून गेलेल्या त्या जर्मन जोडप्याने लिहिलेलं, जागा फार सुंदर, शांत, कुणी बघत नाही. ह्यांच्या गळ्यातला फास मीच आवळून आले, मुबीन.

आणि पानाच्या डोक्यावर डबा ठेवणाऱ्याचं टोपणनाव, रातांबा. रोज एकच प्रश्न, रातांबा कोण? तू ते नाव घेतलंस तेव्हा मी भांडले होते, आमच्या मालवणचं फळ ढापलंस म्हणून. हे तिथे सांगतात, मीच रातांबा. मग त्यांनी विचारलं, ही वायर कुठे जाते सांगा. घरातला फ्यूज उडाला तर मला हाक मारणारा माणूस हा! नाव हरिश्चंद्र, जन्मात पहिल्यांदा खोटं बोलले आणि तेही धड जमलं नाही.

कोर्टाच्या जिन्यात मिनिटभर भेटले. पायात चप्पल नव्हती. एक डोळा सुजलेला. मी विचारलं, जेवता का? तर म्हणाले, "मुबीनचं नाव काढायचं नाही." बस. बायको कशी आहे नाही, मुलगी कशी आहे नाही. असा संताप आला मला! तिथेच ओरडणार होते, पण त्यांचा तो डोळा बघितला.

वकील म्हणतात, दुसरा माणूस स्वतःहून पुढे आला, वायरी समजावून सांगितल्या, तर प्रकरण दोन दिवसांत मिटेल. तेव्हा तू ये. तू काही पाप केलेलं नाहीस, तुला भीती कसली? ऑफिसने ह्यांना पत्र पाठवलंय, पुढचं कळवेपर्यंत कामावर येऊ नका. सरूबाई मला जिन्यात बघून दार लावून घेतात. इशिता कॉलेजला जात नाही, मुली तिला काय काय विचारतात. मी दिवसभर ओट्यापाशी उभी असते आणि काही शिजवत नाही. मला सुचायचं बंद झालंय रे. पदर पसरते तुझ्यापुढे. ये.

गिरिजावहिनी


मीरा रोड
२२ डिसेंबर २००८

मुबीन,

तुझं पत्र आलं, वायरींचं चित्रही आलं. तू लिहितोस, वहिनी, गुरुवारी निघतो, अम्मी म्हणाली जा.

येऊ नकोस.

हे पत्र पोस्टात टाकत नाहीये, पोचायला उशीर झाला तर सगळं संपेल. तुमच्या शेजारच्या गावचा उत्तम इथे सुतारकाम करतो, तो उद्या सकाळी एसटीने निघतोय. त्याला म्हटलंय, थेट तुझ्या हातात दे. आता का येऊ नकोस ते ऐक.

साहेबांनी मला बोलावून घेतलं. चहा मागवला, आवाज एकदम मऊ. "बाई, तुमचे मिस्टर कुणाला तरी वाचवतायत. दुसरा कोण होता, तुम्ही सांगा, त्यांना घरी घेऊन जा." मी सांगणारच होते. खोटं का बोलू? तुझं नाव अगदी जिभेवर होतं. तेवढ्यात त्यांनी बिस्किटाची बशी पुढे सरकवली आणि विचारलं, "नयानगरचा आहे का कोणी?"

मुसलमानांची वस्ती, आणि नाव इतक्या सहज घेतलं, जणू रिक्षा कुठून मिळेल ते विचारतायत. आणि मी म्हटलं, "नाही." मग कोण, तर म्हटलं, आठवून सांगते.

बाहेर आले आणि फुटपाथवरच बसले. तुला मी काय लिहिलं होतं? तुला भीती कसली. मला माहीत होतं कसली. लिहिताना पक्कं माहीत होतं, आणि तरी लिहिलं, कारण मला माझा नवरा परत हवा होता. अजूनही हवाय, देवाशपथ हवाय. तू येऊन बसलास तर हे सुटतीलही. पण ह्यांच्या हातात वायर बघून ते निदान खेळ की तालीम, एवढा तरी विचार करतात. तुझ्या हातात बघितली तर तेवढाही करणार नाहीत. आणि तुझी अम्मी म्हणाली जा! मी तिच्या जागी असते तर तुला खोलीत कोंडून बाहेरून कडी घातली असती.

दुसऱ्या दिवशी मी उत्तनला गेले. फ्रँकने जबाब दिलाय की नवरात्रात त्याने दोन जणांना दगडांत डबा ठेवताना बघितलं, एकाच्या डोक्यावर उन्हाची टोपी होती. डॉरिस अंगणात बोंबील वाळत घालत होती. मला बघून तिने काम थांबवलं नाही. खाली बघूनच विचारलं, "तो टोपीवाला पोरगा बरा हाय ना?" म्हणजे तिला सगळं ठाऊक आहे. मला रडू आवरेना. ती म्हणाली, "रडू नको गो. आमच्या फ्रँकला लांबचं कुठं दिसतं? टोपीखाली बाय हाय का बाप्या हाय, त्याला न्हाय कळत. मी सांगते त्याला बरोबर." तिचे हात धरले मी. त्या बाईचं आपल्याशी नातं काय, मुबीन? एक तांब्या ताक.

मग घरी येऊन तुझं चित्र ओट्यावर पसरलं. तुझी सोल्डरची कांडी आमच्याकडेच राहिली होती. पहिल्यांदा अंगठा भाजला, मग ओट्यावरचं फडकं. दिवा काही लागेना. इशिता बाजूला उभी राहून म्हणते, आई, राहू दे. आणि कसा कोण जाणे, लागला! एवढासा दिवा, पण आम्ही दोघी एकमेकींना धरून रडलो. मग तोडला आणि परत जोडला, परत तोडला, परत जोडला. आता घडाघडा सांगते. सेलचं वरचं टोक दिव्याच्या लांब पायाला, आखूड पाय खटक्याला, खटका सेलच्या बुडाला. खटका फ्रिजच्या दरवाजातल्यासारखाच, झाकणाने दाबलेला असतो तोवर दिवा बंद. बरोबर ना? चूक असेल तरी आता कळवू नकोस. तुझं चित्र मी गॅसवर जाळलं, त्यावर तुझं अक्षर होतं.

उद्या जाऊन सांगणार आहे, टोपीवाली मी. डबा मी केला, वेबसाइटवर मीच टाकला. रातांबा कोण, तर मी. मालवणची बाई, दुसरं कुठलं नाव घेणार? आणि त्यांच्यासमोर टेबलावर दिवा लावून दाखवणार. ते माझ्याकडे बघतील, गळ्यातल्या मंगळसूत्राकडे बघतील, आणि हसतील. रिकामटेकड्या बाईचे उद्योग म्हणतील. म्हणू देत. हसले म्हणजे सोडतील. तीच वायर, तोच सेल, आणि मला हसून सोडतील, याची मला इतकी लाज वाटते की तुला काय लिहू. आणि नाही हसले तर आम्ही दोघंही आत. इशिताची बॅग भरून ठेवलीय, माझा भाऊ येऊन तिला घेऊन जाईल. तिने एकदाही विचारलं नाही, मुबीनकाकाला का नाही बोलवत. पोरगी मोठी झाली.

पण हे निभवायचं तर तू कुठेच असता कामा नये. वेबसाइटवर त्या नावाने पुन्हा जायचं नाही. तुझं लाडकं नाव मी काढून घेतेय, मला माहीत आहे. मला पत्र नाही, फोन नाही. इथली खोली सोडून दे, सामान कुणाकडून तरी मागवून घे. हे सुटले तरी तू आमच्या घरी यायचं नाहीस, ते लोक आमच्या दाराकडे कितीतरी दिवस बघत राहतील. ह्यांना मी काय सांगू ते ठरवलेलं नाही. रविवारी बूट घालून तयार बसतील, वाट बघतील तुझी, आणि मला पोहे थंड होईपर्यंत काहीतरी थाप मारत बसावं लागेल.

कधी बाजारात समोरासमोर आलोच, तर मी मान फिरवून जाईन. तू हाक मारू नकोस. मारलीस तर माझ्याच्याने पुढे जाववणार नाही.

अम्मीला माझा नमस्कार सांगायचा होता, पण कोण म्हणून सांगशील? राहू दे.

आपली ओळख नाही.

सौ. गिरिजा हरिश्चंद्र परब