खळग्यातलं पिवळं फूल

थॉर्नगिल, यॉर्कशर
१४ एप्रिल १९७३

प्रिय क्लिफर्ड,

तुझं पत्र मिळालं. डॉरीनचा खोकला थांबला हे वाचून बरं वाटलं. इथे अजून गारठा आहे, रोपवाटिकेतल्या काचा रोज सकाळी पुसाव्या लागतात.

अंगणातल्या दगडबागेसाठी डोंगरी झाडं हवीत, तीही फक्त पिवळ्या फुलांची, असं तू लिहिलंस. अलिसम नको. भरघोस फुलतं, पण दोन वर्षांत शेजारच्या रोपांच्या उरावर बसतं. ड्राबा गोड आहे, पण आपल्या पावसात कुजतं, हिवाळाभर त्याच्यावर काच धरावी लागते आणि तेवढा धीर तुला कुठला! पिवळी ऑरिक्युला लाव. उत्तरेकडची बाजू दे तिला.

खरं तर मंगळवारी मी जागा बघायला येऊन गेले. तू कामावर होतास. डॉरीननं चहा दिला, केक दिला, कौतुकानं दगड दाखवले. "माळावरचे आहेत, ताई. ह्यांनी विकायच्या आधी सगळ्यात चांगले आपल्यासाठी ठेवले."

माळ तुझ्या नावावर आहे. तिथला चुनखडक ट्रकनं शहरातल्या बंगल्यांना विकलास, ते कायद्यात बसतं. मला किळस आली, तरी मी केक गिळला.

मग मधला मोठा दगड दिसला. ज्याच्यावर बसून बाबा डबा खायचे, तो. त्याच्यातला ओंजळीएवढा खळगा पांढराशुभ्र घासलेला होता. मी विचारलं, ह्यात काय होतं गं? डॉरीन म्हणाली, "काहीतरी रानटी उगवलं होतं. खाली राखाडी चिखल. ह्यांनी पाइप लावून धुऊन टाकला."

तिला माहीत नाही. ती बिचारी गेल्या ऑक्टोबरात माहेरी होती. तू मात्र माझ्या शेजारी उभा होतास, क्लिफर्ड. बाबांची राख मी त्या खळग्यात ओतली, माती घातली, वर पिवळा खडकगुलाब लावला, तेव्हा वाऱ्यानं राख उडू नये म्हणून तू आपली टोपी आडवी धरली होतीस. तोच हात पाइप धरायला कसा धजावला? आणि आता पिवळी फुलं कुठली लावू म्हणून मलाच विचारतोस!

मंगळवारपासून हात कितीही धुतले तरी स्वच्छ वाटत नाहीत.

सोबत एकच रोप पाठवते आहे. झाड दुसरीकडे लावण्याआधी त्याची एक फांदी आपल्याकडे रुजवून ठेवायची, ही आम्हा माळ्यांची सवय. हे त्याच खडकगुलाबाचं आहे. त्याच खळग्यात लाव, स्वतःच्या हातानं. डॉरीन विचारेल, इथेच का? तिला खरं सांग. मी सांगितलेलं नाही. ते काम तुझं आहे.

तिला सांगून होईपर्यंत माझ्या दारात येऊ नकोस. नाताळलाही नाही.

तुझी बहीण, कारण ते बदलणं माझ्या हातात नाही,
हिल्डा