शाळेच्या अंगणातला फोटो

लाडक्या लुजैन,

मी आता इर्बिदला तुझ्याच जुन्या शाळेत रखवालदार आहे. मुलांच्या सुरक्षिततेच्या सल्लागार सौसनबाईंनी बजावलं, "शाळेतल्या मुलांचे फोटो स्वतःच्या फोनमध्ये ठेवायचे नाहीत." मी एकूण एक पुसले. अंगणात तिळाचा पाव खाणारी तूही गेलीस. तू आईबरोबर कुवेतला गेल्यापासून माझ्याकडे तेवढाच फोटो होता.

बाईंना सांगितलं, तर म्हणाल्या, "अरे वेड्या, बहिणीचा कशाला पुसलास? माग की दुसरा!"

"पण परक्यानं मुलांकडे फोटो मागू नये, असं तुम्हीच सांगितलंत."

"मग? भाऊ परका असतो होय रे?"

चार वर्षांत आपण एकदाही बोललो नाही. मी तुला परका झालो असेन, तर फोटो मागणं नियमात बसत नाही. म्हणून हे पत्र टाकत नाही.

तुझा भाऊ,
मुतसिम